घाबरायचा हक्क

आमच्या भावोजींइतका दवाखान्यांशी भांडलेला माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि यातली खरी गंमत अशी की त्यांना स्वतःला उभ्या जन्मात साधं पडसंसुद्धा झालं नव्हतं. त्यांची सगळी भांडणं दुसऱ्यांच्या आजारपणातली. रोह्याला कोणी अ‍ॅडमिट असो, पेणला असो, ओळखीचा असो, ओळखीच्याचा ओळखीचा असो, भावोजी हजर. हे भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे पेणजवळच्या खाडीकाठचे, मिठागरात राबणाऱ्या घरातले. पण रोह्याच्या एका केमिकल कंपनीत चिकटले आणि जवळच्याच वरशाला घर बांधून राहिले. उंचीनं बेताचे, अंगावर बाराही महिने कंपनीची खाकी पॅंट, आणि आवाज असा की बोलायला लागले तर शेजारच्या घरातली माणसं आपल्यालाच हाक मारली म्हणून बाहेर यायची. सगळं आयुष्य पंपांच्या घरघरीत गेलेलं. त्यामुळे हळू बोलणं ही गोष्ट त्यांना कोणी शिकवली नव्हती आणि तिची गरजही कधी पडली नव्हती.

दवाखान्यात भेटायची वेळ लिहिलेली पाटी असते, ती भावोजींना अपमानासारखी वाटे. चार ते सहा! "आजार काय चार ते सहा येतो?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न, "माझी सेकंड शिफ्ट हाय, ती काय तुमी भराल?" एवढ्यावर जुने वॉचमन बाजूला होत. एकदा एका नव्या वॉचमननं त्यांना दारात हात आडवा लावला. भावोजी भांडले नाहीत. त्यांनी त्याला घरचं विचारलं, गाव विचारलं, गाव जोह्याकडचं निघालं, तिथे भावोजींची आत्या दिलेली निघाली, आणि थोड्या वेळानं दोघं वॉर्डाच्या दारात एकमेकांना तंबाखू देताना सिस्टरला सापडले. सिस्टर वॉचमनवर खेकसली तेव्हा भावोजीच पुढे झाले. "त्याला नका बोलू. नातं निघालं, माणूस काय करणार?"

पेशंटला सफरचंदं आणि शहाळी घेऊन जाणारी माणसं त्यांना बिलकूल पसंत नव्हती. माणूस आडवा पडला की सगळे त्याला तेच खायला घालतात जे तो उभा असताना कधी खात नव्हता, असं त्यांचं म्हणणं. आमच्या गावच्या एका मिठागरकामगाराचा पाय बांधावरून घसरून मोडला, थंडीचे दिवस होते, तर भावोजी डब्यातून पोपटी घेऊन गेले. मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजलेल्या त्या वालाच्या शेंगांचा वास वॉर्डात शिरला आणि ज्यांना आठवडाभर अन्नावर वासना नव्हती ते उठून बसले. सिस्टर धावत आली. "अहो, पेशंट आहे तो!" भावोजी म्हणाले, "पायाचं हाड मोडलंय बाई, दात शाबूत हायत." मग त्यांनी त्या सिस्टरच्या हातावरही चार शेंगा ठेवल्या. तिनं त्या तिथे खाल्ल्या नाहीत, पण टाकूनही दिल्या नाहीत.

पण हे सगळे किरकोळ गुन्हे. भावोजींचं खरं युद्ध होतं ते एका वाक्याशी. "नातेवाईक कोण आहेत? जरा बाहेर या." आपल्याकडची ही जुनी रीत आहे. आजार एकाचा, आणि तो सांगायचा दुसऱ्याला, तोही व्हरांड्यात, कुजबुजत. मग आत येऊन सगळ्यांनी हसरे चेहरे करायचे आणि पेशंटनं त्या हसऱ्या चेहऱ्यांकडे बघून ओळखायचं की आपलं काही खरं नाही. भावोजींना या रीतीची भयंकर चीड. पेणला एक सर्जन होते, वयानं मोठे, हाताला यश असलेले, आणि मितभाषी. त्यांनी एकदा आमच्या एका म्हाताऱ्या काकांच्या मुलाला असंच बाहेर बोलावलं. भावोजी दोघांच्या मध्ये उभे राहिले.

"पोट त्याचं, कापणार तुमी, नि सांगताव त्याच्या पोराला?"

"अहो, पेशंट घाबरेल."

"घाबरूं द्या की! त्याला घाबरायचा हक्क हाय."

आणि डॉक्टरांना अक्षरशः दंडाला धरून त्यांनी काकांच्या खाटेपाशी आणलं. डॉक्टरांनी नाइलाजानं सांगितलं, हर्निया आहे, छोटं ऑपरेशन. काका उठूनच बसले. "एवढंच व्हय? मी तर होडी धाकट्याला द्यायची म्हनून कवाच ठरवून टाकलं!" धाकटा तिथेच उभा होता, त्याचा चेहरा मात्र जरा पडला. या प्रसंगानंतर भावोजींची कीर्ती अशी पसरली की माणसं दवाखान्यात जाताना आधार म्हणून त्यांनाच बरोबर नेऊ लागली, आणि डॉक्टर राऊंडला निघण्याआधी हळूच विचारू लागले, "ते रोहेकर आलेत का?" मी पेणच्याच शाळेत शिक्षक. त्यामुळे डॉक्टरांच्या तक्रारी माझ्याकडे आणि भावोजींच्या तक्रारीही माझ्याकडे, असं माझं दुहेरी पोस्ट ऑफिस झालं होतं. खरं सांगायचं तर मला भावोजींचा अभिमान वाटायचा. एवढं मोठ्यानं खरं बोलणारा माणूस आपल्या घरात असला की आपल्यालाही उगाच ताठ चालावंसं वाटतं.

मग एका उन्हाळ्यात ताई आजारी पडली. ताई म्हणजे भावोजींच्या बरोबर उलटी. तोंडातून शब्द जपून काढणारी, पण काढला की तो टाचणीसारखा नेमका बसायचा. पोटात दुखायचं, जेवण जाईना, अंगावरचं लुगडं सैल व्हायला लागलं. तिनं ओवा खाल्ला, कोकमाचं पाणी प्यायली, आणि दुखणं अंगावर काढलं. शेवटी भावोजींनी तिला एस.टी.त घालून पेणला माझ्याकडे आणलं आणि त्याच सर्जनांच्या दवाखान्यात ठेवलं. तपासण्या झाल्या. सकाळी डॉक्टर खाटेपाशी आले, ताईशी दोन शब्द बोलले, भावोजींकडे बघितलं आणि म्हणाले, "जरा बाहेर या."

मी डोळे मिटूनच घेतले. आता स्फोट होणार! पण काहीच झालं नाही. डोळे उघडले तर भावोजी मान खाली घालून डॉक्टरांच्या मागून निमूट बाहेर चालले होते.

आतड्यात गाठ होती, आणि ती चांगली नव्हती. मुंबईला नेऊन लगेच ऑपरेशन करा, डॉक्टर म्हणाले. भावोजींचे थोरले भाऊ आले होते, आमची आई होती. व्हरांड्यातच घरच्यांची बैठक बसली आणि ठरलं, तिला सांगायचं नाही. "पोर धसकाच घेईल गो," आई म्हणाली. पित्त आहे म्हणून सांगायचं. भावोजी भिंतीला टेकून उभे होते. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. आत जाऊन ताईच्या पायांवर चादर सारखी करत बसले.

आणि मग आमचं ते खोटं आमच्याच गळ्यात आलं. ताईला सांगितलं, पित्त आहे, मुंबईला जायचंय. ती म्हणाली, "पित्तासाठी मुंबई? येड लागलंय काय? नि आगोट कोण करील?" आमच्याकडे पावसाआधी वर्षाची बेगमी भरायची असते, तिला आगोट म्हणतात. मसाला, सुकी मासळी, मीठ, पापड, सगळं पावसाच्या आत घरात आलं पाहिजे. मग चार महिने चूल पेटती राहते. ताईच्या घरात त्यातलं अजून काही आलेलं नव्हतं. "आगोट होऊं दे, गणपती होऊं देत, मंग बघू तुमचं पित्त." आई म्हणाली, मुंबईची हवा पित्ताला चांगली असते. ताई म्हणाली, "मुंबईची हवा? मंग मुंबईची मानसं आपल्याकडं हवा खायाला कशाला येतात?" थोरले भाऊ म्हणाले, तिथले डॉक्टर हुशार. ताई म्हणाली, पित्ताला हुशार डॉक्टर कशाला, कोकम पुरतं. प्रत्येक मुद्द्यावर ती बरोबर होती, कारण आजार पित्ताचाच असता तर कुठल्याही शहाण्या बाईनं हेच केलं असतं. आम्ही तिच्या हातात हे शस्त्र दिलं होतं आणि ती ते आमच्यावरच चालवत होती. तिनं खाटेखालची पिशवी भरायला घेतली. इकडे डॉक्टर मला अडवून म्हणाले, "मास्तर, गणपतीपर्यंत थांबलात तर मग मुंबईच्याही हातात काही राहणार नाही."

हे मी भावोजींना सांगितलं. ते दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. कंपनीत रजा, खिशात तंबाखूची पुडी, ती न उघडलेली. त्यांनी ऐकून घेतलं, उठले आणि आत निघाले. वॉर्डाच्या दारात थोरले भाऊ उभे होते. त्यांनी ओळखलं आणि हात आडवा धरला. "अरे, मारशील तिला."

"दादा," भावोजी म्हणाले, "बाजूला व्हा. तुमी गप बसा म्हटलात, बसलो. आता गप बसलो तर मीच तिला मारीन."

आई रडायला लागली. कोपऱ्यातली सिस्टर "भेटायची वेळ नाही ही" असं म्हणायला पुढे आली आणि त्यांचा चेहरा बघून मागे फिरली. एरवी पेशंटच्या खाटेवरच ऐसपैस बसणारे भावोजी त्या दिवशी स्टूल ओढून बसले. मी पायथ्याशी उभा होतो. त्यांचा तो एवढा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"अगो, पित्त नाय ते. गाठ हाय. कॅन्सरची हाय. कापली तर आशा हाय, नाय कापली तर नाय."

ताईच्या हातात घडी केलेलं लुगडं होतं. ते तिनं पिशवीत ठेवलं नाही, खालीही ठेवलं नाही. बराच वेळ ती त्या घडीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "कवापासून ठाव हाय तुमाला?"

"सोमवारपासून."

"नि गप ऱ्हायलात?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते इथे, गाठीचं ऐकून नव्हे. "गावातल्या सगळ्यांसाठी भांडलात. त्या हर्नियासाठी डाक्टरला दंडाला धरून आणलात. नि माझ्या टायमाला गप ऱ्हायलात?"

ज्या माणसाला आजवर एकही वॉचमन, सिस्टर, सर्जन गप करू शकला नव्हता, तो माणूस स्टुलावर बसून ढसाढसा रडला. वॉर्डातल्या बायकांनी तोंडं फिरवली. शेवटी ताईनंच डोळे पुसले आणि विचारलं, "मंग आगोट?"

"मी करीन."

"तुमी? तुमाला सुका जवळा नि सुकी करंदी येगळी कळत नाय!"

पण ती मुंबईला गेली. जाताना कोणाचाही हात न धरता गाडीत चढली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिथले डॉक्टर भावोजींना बाहेर बोलवायला लागले, तेव्हा ताईच खाटेवरून म्हणाली, "हितंच बोला. मला समदं ठाव हाय, काय नवीन असंल तर मलाच सांगा." ऑपरेशन चांगलं झालं. आणि इकडे भावोजींनी खरोखर आगोट केली. रजेच्या दिवसांत मुंबईहून येऊन त्यांनी बाजारात मासळीवाल्यांशी वाद घातले, आळीतल्या बायकांमध्ये बसून मिरच्यांचे देठ काढले, डोळे चोळले आणि दिवसभर बोंबलत फिरले. पापड वाळत घातले ते कावळ्यांनी नेले, कावळ्यांशीही भांडले. ताई घरी आली, बरण्या उघडून एकेक वास घेतला, आणि मसाल्यात मीठ जास्त पडलंय, मिठागरवाल्याचा हात शेवटी गेलाच मिठावर, असा निकाल दिला. तो मसाला त्यांनी वर्षभर खाल्ला. तिच्या लेकीचं लग्न त्यानंतर झालं, नातू झाला, आणि तो चालायला लागल्यावर मग ती गाठ परत आली. या वेळी कोणी कोणाला बाहेर बोलावलं नाही.

ती गेल्यानंतर भावोजी दवाखान्यांत जायचे थांबले नाहीत, पण पूर्वीसारखे गरजत नसत. एकदा मी वरशाला गेलो होतो. संध्याकाळी आम्ही कुंडलिका नदीच्या काठानं चालत होतो. ते एकदम थांबले आणि म्हणाले, "ते माझं गप ऱ्हाणं तिनं परत कधी काढलं नाय रे. मी वाट बघत होतो, एकदा शिव्या घालील म्हणून. तुझ्याकडं काय बोलली होती?"

बोलली होती. शेवटच्या आजारपणात, मी एकटा बसलो असताना. मी त्यांना तिच्याच शब्दांत सांगितलं. "सगळ्या जगाच्या आजाराला हा मानूस कधी भ्याला नाय. माझ्या आजाराला भ्याला. बायकोला अजून काय पायजे?"

भावोजी नदीकडे वळले. मग त्यांचा तो जुना आवाज चढला, इतका की पलीकडे कपडे धुणाऱ्या बायकांनी वर बघितलं. "अरे, मग हे मला सांगायचं होतं तिनं! तुला कशाला सांगितलं?"

त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं, आणि आम्ही घराकडे वळलो.