मास्तरांचं देणं

देताना मास्तर तोंड फिरवीत. गुळाची ढेप असो की जुनं धोतर, ते तुमच्या उंबऱ्यावर ठेवीत आणि तुम्ही उचलेपर्यंत समोरच्या भिंतीकडे बघत उभे राहत.

आमच्या गिरगावातल्या चाळीत ते एकटेच ख्रिस्ती. मिशनच्या शाळेत शिकवीत. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. त्यांच्या हातचं पाणी आम्हां कुणाला चालत नसे, कोरडा शिधा मात्र चाले. सोय बघा आमची! मी तेव्हा त्या चाळीत नवी सून. मला वाटे, आमच्या विटाळाला जपून बिचारे तोंड फिरवतात. एकदा धीर करून विचारलं.

"तसं नव्हे, वहिनी," ते म्हणाले. "घेणाऱ्याचं तोंड पाहिलं की वाटायला लागतं, मी दिलं. मी कुठला देणारा? माझ्याकडे ठेवलेलं होतं, ज्याचं त्याला पोचवलं."

एका पावसाळ्यात ते डोक्यावर पोतं घेऊन शाळेत निघालेले दिसले. आमच्या ह्यांनी गॅलरीतून विचारलं, "मास्तर, छत्री कुठाय?"

"गेली तिच्या कामाला!"

नाताळात त्यांच्या ख्रिस्ती देवळातल्या लोकांनी त्यांना लोकरीचा कोट शिवून दिला. दुसऱ्या दिवशी तो कोट घालून आमचा दिवेवाला गल्लीतले दिवे लावत होता. चाळ पोट धरून हसली. दिवेवाला दारू पितो, कोट गुत्त्यात जाईल, असं हे म्हणाले, तर मास्तर म्हणाले, "जाईल बहुधा. पण काल त्याला थंडी वाजत होती, ती तर खरी ना?"

"उद्याला काही ठेवत जा हो."

"उद्याचं उद्या मागू. बापाजवळ मागायला लाज कसली?"

मग ते वर्ष आलं. खाली वाण्याच्या वखारीत उंदीर दिवसाढवळ्या बाहेर येऊन गरगर फिरू लागले आणि मरून पडू लागले. आधी मांडवीला गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, असल्याचं ऐकलं होतं, पुढे तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला. कोकणात गाव असलेली बिऱ्हाडं बोटीनं निघून गेली. राहिलेल्यांनी दारं लावून घेतली. शेजारच्या घरात कुणी खोकलं तरी आम्ही स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून ऐकत असू.

अशा वेळी अफवेला काय लागतं! कुणी म्हणालं, किरिस्ताव सरकारला आजाऱ्यांची नावं कळवतात. कुणी म्हणालं, मास्तर उंबऱ्यावर ठेवतात त्यातूनच रोग येतो. मास्तरांनी दारोदार ठेवलेला गूळ तसाच पडून राहिला. मुंग्या लागल्या, तरी कुणी हात लावला नाही.

एका सकाळी ते गॅलरीत तो गूळ गोळा करत होते. मला बघून थांबले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "घेत नाहीत, वहिनी," ते म्हणाले. "मी काय करू आता?" त्या माणसाला मी भ्यालेलं पाहिलं ते तेवढंच.

त्यानंतर लवकरच एक दिवस आमची नेहमीची कोळीण आली आणि हाळी न देता जिन्याच्या पायरीवर बसली. डोळे लाल झालेले, काखेत हात दाबून धरलेला. वर दारं धडाधड लागली. मी तांब्या घेऊन खाली पोचले तोवर मास्तर तिच्याजवळ उकिडवे बसलेले होते.

"माझ्या खोलीत चला, बाई."

"नको, मास्तर. मी तितं मेले तं तुमची खोली जाईल."

"जाऊ दे. उठा."

त्यांनी तिला आपल्या अंथरुणावर निजवलं. दुपार व्हायच्या आत सरकारी तपासणीवाले आले. कुणी कळवलं, देव जाणे. डोली दाराशी ठेवून त्यांच्यातला कारकून म्हणाला, रोग्याबरोबर इस्पितळात फक्त रक्ताचं माणूस येईल.

"मी येतो," मास्तर म्हणाले.

"ही कोण तुमची?"

मास्तर कधी खोटं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "बहीण," ते म्हणाले.

"किरिस्तावाची बहीण कोळीण?"

"हो. बहीणच."

कारकुनानं त्यांच्याकडे पाहिलं, मग खांदे उडवून डोली उचलायला सांगितली. मास्तर डोलीला हात लावून चालत गेले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दारांच्या फटींतून मात्र आम्ही सगळे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सरकारी माणसं आली ती खोली धुवायला आणि सामान जाळायला. आत ते अंथरूण आणि एक मडकं, एवढंच.

"बाकीचं कुठाय?" जमादारानं दरडावलं. "लपवलंत?"

"नाही हो," आमचे हे म्हणाले. "वाटून टाकलं त्यांनी."

हे चाळभर ऐकू गेलं. मास्तरांचं काही ना काही घराघरात होतं. संध्याकाळी अंगणात जाळ पेटला. एकेक जण पदराखाली, धोतराच्या सोग्यात लपवून काहीतरी आणी, जाळात टाकी आणि मागं न बघता जाई.

मास्तर परतले नाहीत. मिशनच्या लोकांनाही नीट काही कळलं नाही.

पुढच्या थंडीत गॅलरीत ओळखीची हाळी आली. कोळीणच होती! हाडं वर आलेली, पण जिवंत. मी धावत बाहेर गेले.

"त्यानं मना पाजून पाजून जगवलं," ती सांगू लागली. "मी उठून बसले तवा बोलले, आता घरा जा तू. तं बोलला, पलीकडच्या खाटेवर म्हातारा हाय, त्याचा कोण नाय. तितंच राहिला. मंग त्याला गाठ आली. कुठच्या मातीत ठेवला, कोणी सांगत नाय."

मग म्हणाली, "मना भाऊस नव्हता. त्याचं सुतक पाळलं मी. घरचे बोलले, किरिस्तावाचं सुतक? मी बोलले, माझ्या भावाचं हाय."

तेवढ्यात खाली गलका झाला. ताप पुन्हा आला होता. समोरच्या चाळीपुढे डोली उभी होती आणि आत एक पोरगी एकटीच विव्हळत होती. तिच्यासोबत जायला कुणी पुढे होत नव्हतं.

कोळणीनं कठड्यावरून वाकून पाहिलं. मग टोपली तिथंच आमच्या दारात ठेवली, लुगड्याचा पदर खोचला आणि जिना उतरू लागली.