सहा बाळंतिणी

आमचे गाव भीमेच्या काठी, वडगाव रासाईपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथली पौषातली थंडी मी लग्नाच्या पहिल्या वर्षी, एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या आरंभी, प्रथम अनुभवली. नदीवरून निघालेले धुके उसाच्या शेंड्यांना टेकत टेकत वर यायचे. गुऱ्हाळातल्या काकवीचा उष्ण, जड वास त्यात मिसळायचा, आणि सकाळी हंड्याच्या पाण्याला हात लावला की बोटे क्षणभर स्वतःची वाटेनाशी व्हायची.

मी पुण्याच्या महाविद्यालयात काव्य शिकून आले होते. हंस, चातक, चक्रवाक अशा सर्व पक्ष्यांशी माझी ओळख होती. कोंबडीला मात्र माझ्या वाचनातल्या एकाही कवीने विरहात ठेवलेले नव्हते. म्हणूनच की काय, तालुक्याच्या योजनेतून सहा विलायती पांढऱ्या कोंबड्या मिळतात हे कळताच मी अर्ज केला. त्या घरात मला अद्याप भाकरी थापता येत नव्हती. गाईजवळ गेले की गाय उठून उभी राहायची. माझे म्हणावे असे तिथे काहीच नव्हते, आणि त्या सहा कोंबड्या पहिल्या दिवसापासून माझ्या झाल्या. गोठ्याला लागून कडब्याची रिकामी खोली होती. तीत पाचट अंथरून मी त्यांचा संसार मांडला. कार्तिक सरता सरता त्या अंडी देऊ लागल्या. नुकते घातलेले अंडे तळहातावर घेतले की त्याची ऊब मनगटापर्यंत चढायची. त्या दिवसांत माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, शेजारणीला सांगायच्या, "भाकरी न्हाई जमत, पर अंडी चांगली काढती."

मार्गशीर्षात गारठा वाढला आणि अंडी थांबली. एकीचीच नाही, सहाही जणींची. पिसे फुलवून, मान आत ओढून त्या पाचटावर बसून राहत. कुणीतरी कापसाच्या उशा विसरून गेल्यासारखे दिसे.

चार दिवस वाट पाहून मामंजींनी ओसरीवरून निकाल दिला. "पुढल्या म्हैन्यात न्हावऱ्याचं पाव्हणं येणार हायेत. तवर अंडं आलं तर ठीक. न्हाईतर रस्सा."

न्हावऱ्याचे पाहुणे म्हणजे माझ्या नणंदेचे सासरे. त्यांची भूक दोन तालुक्यांत प्रसिद्ध होती. सहा कोंबड्या त्यांना पुरतील की नाही, एवढाच प्रश्न होता. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि त्या उठून कडब्याच्या खोलीत गेल्या.

आत्याबाई गावातल्या प्रत्येक बाळंतपणाला हजर असत. त्यांनी एकेका कोंबडीच्या पोटाला हात लावला, डोळ्यांत पाहिले, आणि माझ्याकडे वळून कठोर स्वरात विचारले, "किती दिस अंडी देत व्हत्या ह्या?"

"महिनाभर, आत्याबाई. जवळजवळ रोज."

"म्हंजी रोज बाळंत व्हायच्या! आन् शेक न्हाई, धुरी न्हाई, खायाला कोरडी बाजरी. अगं, थंडी भरलीया अंगात. ओल्या बाळंतिणी हायेत ह्या."

मला काही बोलायचे होते. पण कोंबड्यांविषयी माझे ज्ञान एका सरकारी पत्रकापुरते होते आणि त्यात बाळंतपणाचा उल्लेख नव्हता. शिवाय बुडत्याला काडीही चालते, मला तर प्रत्यक्ष सासूचा आधार मिळत होता.

त्याच दिवशी सव्वा महिना सुरू झाला. वारा लागू नये म्हणून खिडकीला गोणपाट आणि दाराला जाड गोधडी लावली. आत शेगडी आली. सकाळ-संध्याकाळ निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेप आणि लसणाची टरफले पडू लागली. त्या तिखटगोड धुराने माझी लुगडी, माझे केस, माझी स्वप्नेही भरून गेली. बाजरीत अळीव, खारकेची पूड आणि साजूक तुपात तळलेला डिंक मिसळला जाई.

"मला चौथ्या खेपंला बी डिंक न्हवता मिळाला," आत्याबाई कोंबड्यांना सांगत, "खावा गप."

एकदा मामंजी त्या खोलीतून ओठ पुसत बाहेर आले.

"काय खाल्लंसा?" आत्याबाईंनी विचारले.

"कुठं काय? त्यांनी टाकलं व्हतं ते उचललं."

"बाळंतिणीच्या ताटातलं! लाज न्हाई वाटत?"

"मलाबी थंडी वाजती," मामंजी म्हणाले आणि सावकाश गुऱ्हाळाकडे निघून गेले.

सर्वांत अवघड प्रकरण कानांचे झाले. बाळंतिणीचे कान बांधलेच पाहिजेत, यावर आत्याबाई ठाम होत्या. जुन्या लुगड्याच्या सहा पट्ट्या फाडून झाल्या, आणि मग पहिली कोंबडी हातात धरून त्या थबकल्या.

"कान कुठं असत्यात गं हिचं? कालिजात शिकलीस न्हवं?"

"पिसांखाली असतात म्हणे."

"मंग समदं डोकंच बांध."

मी बांधले. कोंबडी क्षणभर स्तब्ध राहिली, मग एकही शब्द न बोलता मागे मागे चालू लागली. भिंत लागेपर्यंत चालली, वळली, आणि पुन्हा मागे चालत शेगडीकडे येऊ लागली. शेजारीण गोधडीआडून डोकावत होती.

"मुलगी झाली का मुलगा?" तिने विचारले.

"तू आधी गोधडी सोड, वारं जातंय आत!" आत्याबाई ओरडल्या. पण कानांचा बेत त्यांनी सोडून दिला.

वीस दिवस गेले. कोंबड्या गुबगुबीत झाल्या, पिसांना तुपाची तुकतुकी आली, अंडे मात्र एक नाही. मी रोज अंधारात पाचट चाचपायची आणि रिकाम्या हाताने बाहेर यायची. मामंजी माझ्या हाताकडे पाहायचे, मग आकाशाकडे.

आणि एका दुपारी एसटीच्या धुळीतून न्हावऱ्याचे पाहुणे अवतरले. पाणी पिऊन होताच मामंजी सुरी घेऊन उठले. मी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिले. ज्यांना रोज हाताने घास घातला, त्यांच्यासाठी आता मसाला वाटायचा होता.

आत्याबाई पाट्यावरून उठल्या, हात पुसले आणि गोधडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"कुठं निघालासा?"

"ठरलं व्हतं की आपलं."

"माझ्या हातची धुरी घेतलीया त्यांनी. सव्वा म्हैना पुरा न्हाई झाला. आन् तुमी बाळंतिणीवर सुरी घेऊन आलाय?"

"अगं, कोंबडी हाय ती!"

"असू दे. आजवर माझ्या हातातली एक बाई गेली न्हाई. आता म्हातारपणी सहा घालवू?"

मामंजींनी सुरीकडे पाहिले, मग पाहुण्यांकडे. पाहुणे ओसरीवरून उतरून कुतूहलाने पुढे आले होते. "इहीणबाई, बाळंतीण कोण? बघू तरी."

पाहुण्यांना नाही कसे म्हणायचे? आत्याबाईंनी गोधडीचे एक टोक उचलले. उन्हाचा एक पट्टा आत पडला. सहाही माना एकदम वर झाल्या. पाहुण्यांनी खोकत खोकत आत पाहिले.

"ह्या अंधारात त्यांना दिस का रात कळायचं न्हाई. अंडं द्यायला उजेड लागतो की, इहीणबाई."

"तुमी किती बाळंतपणं केलीत?" आत्याबाईंनी विचारले.

पाहुणे ओसरीवर परतले. रात्री त्यांनी पिठल्याबरोबर अकरा भाकऱ्या खाल्ल्या आणि कोंबड्यांचा विषय पुन्हा काढला नाही. त्या भाकऱ्यांपैकी चार मी थापल्या होत्या. त्यांचा आकार पाहून ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी दाराची गोधडी उतरवली. धुरीचा वास मारतो, म्हणाल्या, आणि नदीवर धुवायला नेली. दोन दिवस ती वाळत होती. मग एक डाग दिसला म्हणून पुन्हा धुतली. मग तिसऱ्यांदा. पाठोपाठ खिडकीचे गोणपाटही धुणे भाग पडले. इतकी स्वच्छ गोधडी त्या पंचक्रोशीत दुसरी नसेल. दर वेळी दुसरे टोक धरून पिळायला मी जात असे. कोंबड्या दिवसभर उन्हात धूळ उडवत, पंख पसरून आडव्या पडत. त्यांच्या पिसांतून तापल्या मातीचा आणि ओव्याचा वास येई.

गोधडी उतरवल्यापासून अठराव्या दिवशी पाचटात अंडे सापडले. लहानसे, शुभ्र, एका बाजूला किंचित खडबडीत. मी ते ओंजळीत घेऊन धावत ओसरीवर आले. आत्याबाईंनी बोटांवर हिशेब केला आणि चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती उजळली.

"बघ! सव्वा म्हैना म्हंजी सव्वा म्हैना."

त्यांनी डबीतून काजळ काढून अंड्याला तीट लावली. मामंजी जवळ आले, वाकून अंडे निरखू लागले आणि नम्रपणे म्हणाले, "आता हे खायाचं, का ह्याचं बारसं करायचं?"

आत्याबाई खरोखरच विचारात पडल्या.