बारीकरावांची छाटणी

बारीकरावांना बारीकराव कोणी म्हणायला सुरुवात केली हे आता कोणाला आठवत नाही, पण ज्याने केली तो चेष्टेखोर होता एवढं नक्की. हा गृहस्थ दारातून आत यायचा तोच जरा आडवा होऊन. त्यातून नोकरी फर्निचरच्या दुकानात. दिवसभर गिऱ्हाइकांना अगडबंब कपाटं दाखवायची, आणि "आमचं घर लहान आहे हो" म्हणणाऱ्याला लहान घरातच मोठं कपाट कसं हवं हे गळी उतरवायचं. हे काम त्यांना झकास जमायचं. घरी आल्यावर मात्र मोठी वस्तू त्यांच्या डोळ्यांत खुपायची.

घरात टीव्हीला जोडून खेळायचा एक जुना गेम कन्सोल होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी हौसेने आणलेला, चपलांच्या खोक्याएवढा, मागे वायरींचा गुंता. जेवणं झाली, ओटा आवरला, की नवरा-बायको त्यावर गाड्यांची शर्यत खेळत. जिंकायची बायको. विमा कंपनीच्या कचेरीत दिवसभर दुसऱ्यांचे अपघात निस्तरणारी ही बाई शर्यतीत नवऱ्याची गाडी बिनदिक्कत कठड्यावर ढकलून द्यायची. बारीकराव कंट्रोलरला दोष द्यायचे, आणि ती म्हणायची, नाचता येईना अंगण वाकडं. घरात दोघंच. दिवसभराचं जे काही बोलणं व्हायचं ते याच वेळात, तेही एकमेकांकडे न बघता, टीव्हीकडे बघत.

मग कॉम्प्युटरवर बारीकरावांना ती मंडळी सापडली. कन्सोल उघडून त्यातला हिरवा बोर्ड करवतीने कापणारी, आणि इतका कापणारी की शेवटी तो तळहातावर मावावा. तत्त्व सोपं होतं: ज्याच्यावाचून खेळ अडत नाही ते कापून टाका. आधी सीडीचा खण जातो, मग टीव्हीचं सॉकेट, मग चार्जरचं, मग बोर्डाचे रिकामे काठ. मधे तुटलेल्या वीज वाहणाऱ्या रेघा केसाएवढ्या तारेने पुन्हा जोडायच्या. बोर्डात तांब्याचे थर असतात, म्हणून कापलेली कड बारीक पॉलिश पेपरने घासायची, नाहीतर थराला थर टेकतो आणि सगळंच मुसळ केरात. डोंगर पोखरून उंदीर काढायचा, असाच हा उद्योग. फरक इतकाच, की इथे जितका बारका उंदीर तितकी वाहवा मोठी.

बारीकरावांनी भंगारातून कन्सोल आणून हात बसवला. पहिल्याने धूर काढला, दुसऱ्याने धूरसुद्धा काढला नाही, आणि पुढे कधीतरी एक चालला. तोवर जेवणाच्या टेबलावर भिंगाचा दिवा, सोल्डरिंगचं यंत्र, पकडी, करवती आणि हिरव्या भुशाचा थर यांनी कायमचं बस्तान बसवलं होतं. नवरा-बायको ताटं मांडीवर घेऊन जेवू लागले. वस्तू लहान होतेय हे चांगलंच आहे, पण घर का लहान होतंय, एवढंच बायकोने विचारलं. बारीकराव म्हणाले, कलेला जागा लागते.

त्यात बायकोला बढती मिळाली आणि बढतीबरोबर बदली. लांबचं गाव, भाड्याची खोली, निदान दोन वर्षं. बारीकराव आतून पार हलले. पण "तुझ्याशिवाय मला करमणार नाही" हे वाक्य त्यांच्या तोंडून निघण्यापेक्षा पोलादाचं कपाट जिन्यावरून एकट्याने चढवणं सोपं. म्हणून त्यांनी बोलायचं सोडून कापायला घेतलं. घरचा कन्सोल असा छाटायचा की तो बायकोच्या पर्समध्ये मावेल, म्हणजे तिथे संध्याकाळी तिला एकटं वाटणार नाही. तिला सांगितलं, दुरुस्तीला काढलाय.

यावेळी प्रत्येक रेघ त्यांनी दोनदा मोजून कापली, कारण हा बोर्ड भंगारातला नव्हता. आणि जमलं. सीडीच्या जागी मेमरी कार्ड आलं, टीव्हीच्या जागी चिमुकला पडदा, आणि पहिल्या खेळाडूची बटणं अंगावरच बसली. कापता कापता शेवटी एकच कोपरा उरला. त्यांनी कॉम्प्युटरवर फोटो टाकला, तेव्हा उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, दुसऱ्या खेळाडूचं सॉकेट कशाला जपून ठेवलंय? हातात धरायच्या वस्तूवर दोघं खेळणार कसे? बारीकरावांना ते तंतोतंत पटलं. एका नखाची जागा वाचत होती. कोपरा गेला. नव्या फोटोखाली लोक त्यांना गुरुजी म्हणू लागले, आणि गुरुजी दोन दिवस दुकानात विनाकारण हसत होते.

निघायच्या दिवशी दुपारी त्यांनी ती वस्तू बायकोच्या हातात ठेवली. तिने बटण दाबलं, गाडी सुरू झाली, ती खुदकन हसली. एक फेरी मारून तिने वस्तू उलटीसुलटी केली, चारही कडांवरून बोट फिरवलं.

"तुमचा कंट्रोलर कुठे लावायचा?"

बारीकरावांनी दुकानातला आवाज काढला. वजन बघ, बॅटरी बघ, पर्समध्ये कशी बसते बघ. तिने सगळं ऐकून घेतलं आणि बॅग उघडली. कपड्यांच्या मधोमध चौकोनी जागा मोकळी ठेवली होती, खाली टॉवेल अंथरलेला. बरोब्बर जुन्या खोक्याच्या मापाची. शेजारी दोन्ही कंट्रोलर, वायरी गुंडाळून.

"त्याच्यासाठी जागा ठेवली होती मी," ती म्हणाली. "तुम्ही महिन्यातून एकदा तरी याल ना, तेव्हा खेळू म्हणून."

बारीकरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोणी विचारलं नव्हतं, कोणी मागितलं नव्हतं, आणि या शहाण्याने स्वतःच्या हाताने स्वतःलाच कापून बाहेर काढलं होतं. वर त्याची शाबासकीही घेतली होती.

बस संध्याकाळची होती. त्यांनी भिंगाचा दिवा लावला. चिपमधून दुसऱ्या खेळाडूची रेघ अजून निघत होती, फक्त घासलेल्या कडेशी येऊन संपत होती. तिथे खरवडून त्यांनी तार टाकली. घाईत कंट्रोलरची लांबलचक वायर नको त्या टोकाकडून कापली. हाताला सवयच तशी लागलेली. उरली जेमतेम वीतभर. ती तशीच जोडली. आता झाकण बसेना, म्हणून साबणाची डबी कापून वरून चिकटवली. गुरुजींच्या कलाकृतीला मागून चांगलं टेंगूळ आलं. पर्समध्ये ती मावली नाही. बॅगेतल्या चौकोनात मात्र ऐसपैस बसली.

कॉम्प्युटरवरच्या मंडळींना नवा फोटो पाहवला नाही. सगळ्यात लहान कन्सोलचा हातातोंडाशी आलेला विक्रम साबणाच्या डबीपायी घालवलात, असं त्यांनी कळवलं. बारीकराव तेव्हा बसची तिकिटं बघत होते.

पहिल्या महिनाअखेरीला ते त्या खोलीवर पोचले. एक खाट, एक टेबल, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. बायकोने चहा दिला, कप उचलले आणि वस्तू काढली. पडदा एवढासा, वायर वीतभर. दोघांना बघायचं आणि खेळायचंही, तर खाटेवर खांद्याला खांदा लावून, डोकं डोक्याला टेकवून बसावं लागलं. खाटेने निषेध नोंदवला. पहिल्याच वळणावर बायकोने त्यांची गाडी कठड्यावर घातली.

बारीकराव म्हणाले, वायर आखूड पडते, हात मोकळा होत नाही. सोल्डरिंगचं यंत्र बॅगेत आणलंय, चांगली दोन हात वायरही आणलीय, पाच मिनिटांत लांब करून देतो. असं म्हणून ते उठायला लागले.

तिने पडद्यावरची नजर काढली नाही, पण कोपराने त्यांना जागच्या जागी दाबून धरलं.

"त्या वायरीला हात लावायचा नाही," ती म्हणाली, आणि पुढची शर्यत सुरू केली.