गुहेतली हळद

मला गुहांचं वेड लहानपणापासूनचं. रत्नागिरीकडे आमच्या गावात समुद्राकाठच्या कड्याला एक भगदाड होतं. ओहोटीला त्यात शिरता यायचं, आणि भरती यायच्या आत बाहेर नाही पडलं तर घरी बापाचा मार. तो मार मी पुष्कळ खाल्ला. साठच्या दशकात पोटापाण्यासाठी दुबईला आलो, तेव्हा नवे लोक पगार विचारायचे, ओव्हरटाइम विचारायचे. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, इथे डोंगर कुठल्या बाजूला आहेत?

मी एका गॅरेजात मेकॅनिक होतो. हा देश तेव्हा एक देश म्हणून झालेलाच नव्हता, आणि शहर संपलं की रस्ताही संपायचा. आज अल कुसैसला जिथे आपले लोक पार्किंगवरून भांडतात ना, तिथे आम्ही लँड रोव्हर थांबवून टायरमधली हवा कमी करायचो, कारण पुढे नुसती मऊ वाळू. मालक भला माणूस. दुरुस्त केलेली गाडी नीट चालते का हे बघायला तो ती मला द्यायचा, आणि मी ती शुक्रवारी डोंगरात नेऊन बघायचो. ट्रायल म्हणजे ट्रायल.

बरोबर माझा खोलीतला जोडीदार. रायगडकडचा, आमच्या खोलीचा हौशी आचारी आणि अंधाराला भयंकर घाबरणारा. गुहेत त्याने कधी पाऊल टाकलं नाही, पण मी एकटा गेलो तर उपाशी मरेन अशी त्याची खात्री होती, म्हणून मसाल्याचा डबा काखोटीला मारून यायचाच. त्या डब्यात त्याच्या आईने उखळात कुटून पाठवलेली हळद असायची. तिला दुसऱ्या कोणी चमचा लावलेला त्याला खपत नसे.

असंच भटकताना डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव सापडलं होतं. दगडी घरं, थोड्या शेळ्या, खजुरीची बाग. तिथल्या एका म्हाताऱ्याने आम्हाला पहिल्याच दिवशी हाताला धरून घरात नेलं. तरुणपणी तो गलबतावर मुंबईपर्यंत आला होता, त्यामुळे हिंदी बऱ्यापैकी बोलायचा. मी त्याला चाचा म्हणायला लागलो आणि त्याच्या बायकोला चाची. जाताना आम्ही चहा, साखर, साबण न्यायचो. येताना खजूर मिळायचा, आणि नको म्हटलं तर चाची रागवायची.

गावाला पाणी यायचं ते फलजातून. फलज म्हणजे आपल्या कोकणातला पाटच. डोंगराच्या पोटातलं पाणी दगडी पन्हळीतून बागेपर्यंत खेळवायचं. आमचा पाट आटला तर सुपारी वाळते, इथे फलज आटला की अख्खं गाव उठतं. आणि तो आटत चालला होता. बरीच घरं कुलूप लावून किनाऱ्याकडे गेली होती. पन्हळीत आता बोटभर धार उरली होती.

त्या शुक्रवारी सकाळी आम्ही पोचलो, तर चाचाच्या अंगणात बोचकी बांधून ठेवलेली. किनाऱ्यावर कामाला असलेला त्यांचा मुलगा दुसऱ्या दिवशी ट्रक घेऊन येणार होता. चाची चाचाचे पांढरे कंदुरे, म्हणजे ते पायघोळ अंगरखे, धुवायला काढत होती. परक्या गावी मळके कपडे घालून कसं जायचं? ती आमच्याकडे बघेचना. शेवटी अरबीत काहीतरी पुटपुटली. चाचाने खाली मान घालून सांगितलं, "ती विचारते, ही झाडं मी लहान मुलांसारखी वाढवली, उद्या निघताना त्यांना काय सांगू?"

माझ्या तोंडातला खजूर तसाच राहिला.

गावाच्या वरच्या अंगाला एक गुहा होती. मी कितीदा तरी चाचाच्या मागे लागलो होतो, आणि दरवेळी त्याने मला अडवलं होतं. आत जिन राहतो आणि तोच आमचं पाणी पितो, पिण्याचा आवाज येतो, असं गाव म्हणायचं. त्या दिवशी चाचा स्वतःहून म्हणाला, "तुला जायचं होतं ना? जा. आता आमचं काय बिघडणार आहे?"

खरं सांगतो, अशा दुःखाच्या घरातही माझ्या अंगावर काटा आला तो आनंदाने. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मी गाडीतून टॉर्च आणि खाडीवरून आणलेला काथ्याचा दोर घेतला आणि सुटलो. चाचा तोंडाशी दोर धरून बसला. आत आधी पोटावर सरपटावं लागलं, मग एकदम मोठी जागा लागली. बाहेर भट्टी पेटलेली आणि आत माझ्या घामेजल्या मानेवर गार वारा! मी श्वास रोखून ऐकलं. गट्, गट्, गट्. कोणीतरी खरंच पाणी पीत होतं. क्षणभर माझ्याही जिभेवर कलमा आला. मग टॉर्च फिरवला, आणि अहो, समोर पाण्याचा डोह. काचेसारखा स्वच्छ. मी वेड्यासारखा एकटाच हसत सुटलो.

डोहाला दोन वाटा होत्या. एका बाजूला जमिनीत भेग, तिच्यातून बरंचसं पाणी गटगटत खाली जात होतं. दुसऱ्या बाजूला गाळाने बुजलेलं एक बीळ, त्यातून जेमतेम झिरपत होतं. भेग बुजवायची आणि बीळ मोकळं करायचं, झालं काम. बाहेर येऊन मी चाचाला धापा टाकत सगळं सांगितलं, यल्ला म्हटलं, चला.

चाचा जागचा हलला नाही. म्हणाला, "आणि आमचा फलज त्या भेगेतून भरत असेल तर? तू ती बुजवलीस की आहे तेवढी धारही जाईल. मागे राहणारी माणसं काय पितील?"

बरोबरच होतं त्याचं. मग मला आमचा भातखाचरांचा बांध आठवला. खेकड्याने पोखरलेल्या बांधातून पाणी कुठे जातं ते बघायला बाप बिळाच्या तोंडाशी भाताचा कोंडा सोडायचा, आणि तो कुठे निघतो ते बघायचा. आता वाळवंटात कोंडा कुठला? मी हळूच जोडीदाराच्या डब्याकडे बघितलं.

"हात लावशील तर याद राख," तो म्हणाला. "माझ्या आईचे हात भरून आलेत ती कुटताना."

त्याने चाचीकडे बघितलं. ती एकेक कंदुरा उचलून टोपलीत टाकत होती. त्याने मुकाट्याने डबा उघडला आणि सगळी हळद माझ्या हातात दिली. चाचाने एकच अट घातली, जुम्म्याची नमाज होऊ दे. पाण्याचा रंग बदलला तर लोकांनी वुजू, म्हणजे नमाजेआधीचं हातपाय धुणं, कशाने करायचं?

नमाज झाली. मी पुन्हा आत गेलो आणि सगळी हळद बिळाच्या तोंडाशी सोडली. मग धावत खाली. पन्हळीवर आम्ही सगळे ओणवे. पाणी स्वच्छ. थोड्या वेळाने बघितलं, स्वच्छ. मी सारखा उठबस करत होतो, तेव्हा जोडीदार वैतागला. "पी हळद आणि हो गोरी, एवढ्यात काय होतंय? बस खाली."

बसलो. ऊन उतरायला लागलं तरी पाणी तसंच. एवढीशी हळद, एवढा डोंगर. एकेक माणूस उठून घरी गेला. चाचा हात झटकून म्हणाला, "खलास." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उगीच या माणसाला आशा लावली असं वाटलं.

तेवढ्यात बागेच्या खालच्या टोकाकडून चाची आली, तरातरा. दुपारपासून तिने कंदुरे पन्हळीच्या धारेखाली भिजत घातले होते. आता आम्हीच आणलेला साबण लावायला घेतला, तर हे काय? तिने ओला कंदुरा माझ्या तोंडासमोर धरला. पांढऱ्या कापडावर लालभडक फराटे. कसला साबण आणलात, आमचा बोरीचा पाला बरा होता, असं ती म्हणत असावी. चाचाला ते सांगायचा धीर होईना.

जोडीदाराने कंदुरा तिच्या हातातून ओढलाच. स्वयंपाक करून करून त्याचा एकही सदरा धड नव्हता. कापडाच्या कोपऱ्यावर फिकट, नीट बघितल्याशिवाय दिसणार नाही असा पिवळेपणा होता. त्याने तिथे साबण घासला. कोपरा लाल झाला.

"हळद. साबण लागला की लाल होते," तो म्हणाला. "चाचा, ही माझ्या आईची हळद आहे. हाताच्या कांकणाला आरसा कशाला? पाणी त्याच बिळातून येतंय."

मग काय विचारता! गावात उरलेले सगळे पुरुष फावडी घेऊन डोंगर चढले. चाचासुद्धा त्या वयात पोटावर सरपटला. आम्ही भेगेत दगड ठोकले, माती आणि खजुरीचा काथ्या कोंबला, आणि बिळातला गाळ हातांनी उपसला. हळूहळू गटगट कमी झाली. मग थांबली. जिन पाणी प्यायचा थांबला, असं कोणीतरी म्हणालं आणि कोणीच हसलं नाही. पाणी वळलं, आणि बिळात भसकन शिरलं.

खाली आलो तेव्हा चाची पन्हळीत उभी होती. पाणी तिच्या घोट्यांवरून चाललं होतं. ती रडत होती आणि तोंडाने आम्हालाच रागवत होती.

निघताना मी चाचाकरवी तिला सांगितलं, कंदुरा कडक उन्हात घाला, हळदीचा डाग आपोआप उडतो, आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. तिने मान डोलावली.

पुढच्या शुक्रवारी गाडी वळली आणि मी मान लांब करून चाचाचं घर शोधायला लागलो. मुलगा ट्रक घेऊन येऊन गेला असणार. पण घरातून धूर निघत होता, बोचकी दिसत नव्हती. चाचा नमाजेला निघाला होता, आणि अंगात तोच कंदुरा. पाठीवर, बाहीवर तांबूस पिवळे डाग जसेच्या तसे.

"चाची," मी म्हटलं, "उन्हात नाही घातला? इथे उन्हाची काय कमी?"

चाचाने अरबीत विचारलं. तिने आधी माझ्या जोडीदाराला कहवा दिला, मग मला. मग म्हणाली, आणि ते चाचाने मला सांगितलं, "घरात वाळवला. सावलीत."