बाईंना कधी सांगायचं

श्रावणात मला रोह्याजवळच्या धाटावच्या एका केमिकल कंपनीतून होकार आला. दिवाळी झाली की लॅबमध्ये रुजू व्हायचं होतं. घरी आईला सांगितलं, ती देवापुढे दिवा लावून रडली. सांगायचं राहिलं ते फक्त बाईंना.

पेणला कासार आळीच्या तोंडाशी बाईंचं शिवणाचं दुकान होतं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत त्यांचं राहणं. नवरा गेल्यावर त्यांनी एका पायमशीनवर धंदा सुरू केला आणि एकटीच्या हिमतीवर वाढवला. मूलबाळ नव्हतं. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज आणि एका शाळेचे सगळे गणवेश त्यांच्याकडे असत. माझे वडील खाडीकाठच्या मिठागरात कामाला होते. ते अचानक वारले तेव्हा मी कॉलेजचं दुसरं वर्ष अर्धवट सोडलं आणि बाईंच्या दुकानात जाऊ लागले. मला सुईत दोरा ओवण्यापलीकडे काही येत नव्हतं. कापड कसं बेतायचं, बाहीचा मुंढा कसा काढायचा, अस्तर कसं बसवायचं, सगळं त्यांनी शिकवलं. तीन-चार वर्षांनी त्याच म्हणाल्या, "तुझं कॉलेज राहिलंय ना? सकाळचं कॉलेज कर, दुपारी इथे ये. मी काय पळून चालले नाय."

त्यांनी सांगितलं म्हणून मी पुन्हा शिकले, बी.एस्सी. झाले, आणि त्याच शिक्षणामुळे आता त्यांना सोडून निघाले होते. त्यामुळे तोंड उघडत नव्हतं. बाईंनी कधी तसं बोलून दाखवलं नव्हतं, पण आपल्यामागे दुकान मी चालवावं असं त्यांच्या मनात होतं. गिऱ्हाईकासमोर त्या "आमच्या दुकानात" म्हणायच्या तेव्हा त्यांचा हात नकळत माझ्या पाठीवर यायचा.

आईचं म्हणणं वेगळं होतं. "आजच जाऊन सांग गो. बाहेरून कलला तर तिला काय वाटंल? तिनं तुला पोरीसारखी धरली हाय."

दुकानात काज-बटणं करायला एक वहिनी येत. त्यांना मी विश्वासात घेतलं, तर त्या म्हणाल्या, "आत्ता नको बोलू. गौरींच्या साड्यांवरचे ब्लाउज पडलेत ढीगभर. बाईंचा जीव थाऱ्यावर राहणार नाय. दिवाळीच्या तोंडावर सांग की. कंपनीवाले मधेच नाय म्हणाले तर?"

मला दोघींचंही पटायचं. अगदी शेवटी सांगावं तर बाईंनी माझ्या जागी माणूस कधी शोधायचं, त्याला शिकवायचं कधी? आणि आत्ता सांगावं तर दिवाळीपर्यंत रोज त्यांच्या समोरच्या मशीनवर कसं बसायचं? शेवटी गौरी-गणपती बोळवले, दुकान जरा रिकामं झालं, आणि एका दुपारी जेवणं आटोपल्यावर मी बोलले. बाई उंबऱ्याशी बसून सुपारी कातरत होत्या. अडकित्ता थांबला.

"कसली नोकरी?"

"लॅबमध्ये. औषधासाठी लागणारं रसायन तयार होतं तिथे. ते तपासायचं."

"उभं राहून की बसून?"

"दोन्ही."

"मग बरंय. इथे बसून बसून माझी कंबर गेली, तुझी तरी वाचेल." त्या उठून आत गेल्या आणि चिमूटभर साखर घेऊन आल्या. माझ्या हातावर ठेवली. "पेढे नंतर. आधी हे तोंडात घाल. दिवाळीपर्यंत आहेस ना? तोवर मी बघते कुणीतरी."

संध्याकाळी घरी जाताना मला इतकं हलकं वाटलं की मी रस्त्यातच रडले. इतके दिवस उगाच घाबरले, असं वाटलं. तो विषय माझ्यापुरता संपला होता.

नवरात्र बसलं त्या सुमाराला बाईंनी मला मागच्या खोलीत नेलं. कपाट कुठे सरकवायचं, उजेडासाठी खिडकी कुठे काढायची, सगळं दाखवू लागल्या. "दिवाळी झाली की ही खोली मोकळी करू. इथे आणखी दोन मशीनं बसतील. एकावर तू बस, एकावर नवी पोरगी बसव. आणि पाटी बदलू आता. खाली तुझं नाव घालू."

 मला वाटलं, ही त्यांची मला थांबवण्याची रीत असावी. सरळ "जाऊ नको" म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. खरं सांगायचं तर मला रागही आला. साखर हातावर ठेवून मग असं का करायचं? मनातून मी दुरावले.

त्याच आठवड्यात त्यांनी एका मास्तरणीच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या बेतल्या. बाई हसल्या, "म्हातारी झाले मी," म्हणाल्या. आम्हीही हसलो. कापड उरलं होतं, मी दुसरी बाही काढली. कधी चहा घेतल्यावर थोड्या वेळाने त्या पुन्हा चहा टाकायच्या, कधी नेहमीच्या गिऱ्हाईकाला "कुठल्या आळीतल्या तुम्ही?" विचारायच्या. हे सगळं आम्ही पाहत होतो, पण एकाला एक जोडून पाहिलं नव्हतं.

दसरा झाल्यावर पाटी रंगवणारा माणूस माप घ्यायला आला, तेव्हा मला बोलणं भागच पडलं. तो गेल्यावर मी म्हटलं, "बाई, पाटीवर माझं नाव कशाला? मी दिवाळीनंतर नाही ना. सांगितलं होतं तुम्हाला."

"काय सांगितलं होतंस?"

"धाटावच्या नोकरीचं."

बाईंनी चष्मा काढला. "कसली नोकरी? मला कुणी काही बोललं नाय." मग वहिनींकडे वळून, "तुला माहीत होतं?"

वहिनींनी मान खाली घातली.

"म्हणजे हिला माहीत. तुझ्या आईलाही असेल. सगळ्यांना सांगून झालं, मीच तेवढी राहिले. मी कोण गो तुझी?"

त्यांचा आवाज मी कधी एवढा चढलेला ऐकला नव्हता. मलाही रडू फुटलं. "बाई, असं काय करता? मी गणपती झाल्यावर सांगितलं तुम्हाला. तुम्ही उंबऱ्यात बसला होतात. माझ्या हातावर साखर ठेवलीत."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या चेहऱ्यावर, मग हातांवर, मग उंबऱ्याकडे. हरवलेली वस्तू घरभर शोधावी तशी त्यांची नजर फिरत होती. ती सापडत नव्हती. राग हळूहळू उतरला आणि त्याच्या जागी भीती आली. एवढ्या खंबीर बाईच्या डोळ्यांत भीती बघणं फार वाईट. शेवटी त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "असेल. दिली असेन," आणि आत जाऊन पडल्या.

वहिनींनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं. दोघींना एकदमच कळलं.

बाईंचा धाकटा भाऊ रोह्याला होता. त्याचं तिथे किराणा दुकान होतं. मी स्टँडजवळच्या बूथवरून त्याला फोन केला. तो दुसऱ्याच दिवशी आला, बाईंना पनवेलला डॉक्टरकडे घेऊन गेला. विसरण्याचा आजार आहे, वाढतच जाणार, घरात एकटं ठेवू नका, इस्त्री आणि गॅसपासून जपा, असं डॉक्टर म्हणाले. भाऊ सरळ माणूस होता. म्हणाला, "दिवाळीनंतर मी हिला रोह्याला नेतो. दुकान बंदच करावं लागेल." मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "एक ऐक. तुझ्या जाण्याचं आता पुन्हा काढू नकोस. ताईच्या मनाला दर वेळी ते नव्याने लागेल. कशाला?"

वहिनींना हे पटलं नाही. "न सांगता जाशील? ती रोज सकाळी तुझं मशीन पुसून वाट बघत बसेल."

म्हणजे जो प्रश्न सुटला म्हणून मी रस्त्यात रडले होते, तोच पुन्हा पुढे येऊन उभा राहिला होता. नोकरीच नाकारावी असंही मनात येऊन गेलं. एक-दोन दिवस मी तसं घरी बोललेही. आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"तू ऱ्हायलीस म्हनून तिला आठवनार हाय का?"

मला ते बोलणं निष्ठुर वाटलं. पण नोकरी नाकारायचा विषय मी पुन्हा काढला नाही.

दुकान बंद व्हायच्या आदल्या दिवशी मी लवकर गेले. सकाळी बाई जास्त भानावर असायच्या. त्या मशीनवर बसल्या होत्या, एका चादरीला कडेची शिवण घालत होत्या. सरळ शिवण अजूनही दोरीसारखी पडत होती. मी स्टूल ओढून जवळ बसले आणि पुन्हा सगळं सांगितलं. नोकरी कुठली, काम काय, उद्यापासून मी इथे येणार नाही. या वेळी मी त्यांचा हात धरून सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "मग दुकान?"

"तुमचे भाऊ बंद करतायत."

"आणि मी?"

एवढंच विचारलं. मी गाडी, नोकरी, शिफ्ट सगळ्याची तयारी केली होती, या प्रश्नाची केली नव्हती. मी म्हटलं, "तुम्ही रोह्याला, भावाकडे. आणि मी रोज तिथेच येणार. धाटाव तिथून जवळ आहे."

बाईंचा चेहरा जरा उजळला. "मग आपली दोघींची बदली झाली म्हण की," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा पायडल मारू लागल्या.

मी कंपनीत रुजू झाले. सकाळी अंधार असतानाच पेणहून बस निघायची, वडखळ, नागोठणे करत भिसे खिंड उतरून रोह्यात यायची. बसमध्ये सगळे पुरुष, बहुतेक झोपलेले. पहिले महिने लॅबमधल्या काचेच्या नळ्या मी दोन्ही हातांनी धरायची. शिफ्ट सुटली की आठवड्यातून एक-दोनदा मी रोह्यात उतरून बाईंकडे जायची.

त्या मला ओळखायच्या. बघितल्याबरोबर विचारायच्या, "दुकान उघडलंस का?" पहिल्यांदा मी खरं सांगितलं. "बाई, दुकान बंद झालं ना." त्यांचा चेहरा असा पडला की भावाची बायको स्वयंपाकघरातून धावत आली. तेव्हापासून मी "हो, उघडलं" म्हणू लागले. मग त्या विचारायच्या, गणवेश आले का, कापड चांगलं दिलंय का, वहिनी वेळेवर येते का. मी सगळ्याची उत्तरं द्यायची. त्या निर्धास्त व्हायच्या. मला मात्र ते जड जायचं. लॅबमध्ये एक अख्खी तपासणी मी पहिल्यांदा एकटीने केली, आमचे साहेब चारचौघांत शाबास म्हणाले. ते ज्यांना सांगावंसं वाटत होतं, त्यांच्यासमोर बसून मी न आलेल्या गणवेशांच्या गोष्टी सांगत होते.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात एके दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, आज काय व्हायचं ते होवो. अंगणात त्या खाटेवर बसल्या होत्या. मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. तुम्ही मला शिवण शिकवलंत, कॉलेजला पाठवलंत, त्यामुळे मला नोकरी लागली, म्हणून मी दुकान सोडलं.  त्या रागावतील, रडतील, की पुन्हा "मी कोण तुझी" म्हणतील, सगळ्याला मी तयार होते.

बाईंनी कौतुकाने ऐकलं. मग म्हणाल्या, "चांगलं झालं हो तुझं. कुणाचं होतं ते दुकान?"

त्या दिवशी सांगणं सगळ्यात सोपं गेलं. त्यांना काहीच लागलं नाही. मी भावाच्या बायकोला येते म्हटलं आणि बाहेर पडून नदीच्या पुलापर्यंत चालत गेले. पुलावर कठड्याला टेकून किती वेळ उभी होते, आठवत नाही.

त्यानंतर त्या मला ओळखेनाशा झाल्या. मी जात राहिले. माझ्या कंपनीच्या एप्रनची कड त्या बोटांत धरून चाचपत बसायच्या, शिवण उलटी करून बघायच्या. मी एप्रन काढून त्यांच्या मांडीवर ठेवायची.

पावसाळ्यात अंबा नदी नागोठण्यात शिरली आणि रस्ता बंद झाला, त्या दिवसांत बाई गेल्या. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. पाणी ओसरल्यावर वहिनी आणि मी रोह्याला गेलो. भावाच्या बायकोने सांगितलं, शेवटी फार त्रास झाला नाही, झोपेतच गेल्या. आम्ही थोडा वेळ बसलो. निघताना तिने बाईंचं एक लुगडं मला दिलं, एक वहिनींना.

परतताना नागोठण्याला गाडी बराच वेळ थांबली. रस्त्यावर गाळ होता, माणसं दुकानांतला चिखल फावड्याने बाहेर ओढत होती. वहिनी खिडकीतून बाहेर बघत होत्या. मला त्यांना विचारायचं होतं, बाईंना मी नक्की कधी सांगितलं म्हणायचं, पण त्यांनी डोळे पुसले आणि मी मांडीवरच्या लुगड्याचा काठ बोटांत धरून बसले. दुसऱ्या दिवशी माझी सकाळची शिफ्ट होती. मी कामावर गेले.