पितरपाटात प्लॉट दाखवणाऱ्या बाई

बाई कुणाच्याही प्लॉटवर गेल्या की आधी पिशवीतून पाण्याची बाटली काढायच्या आणि मुरमावर उपडी करायच्या. विकणारा बाजूला उभा राहून पूर्वमुखी आहे, कोपऱ्याचा आहे, पुढे रुंद रस्ता होणार आहे असं गुणगान करत असायचा. बाई मात्र खाली मान घालून पाणी कुणीकडं निघालंय तेवढंच बघत राहायच्या. मग चष्मा वर करून म्हणायच्या, "नकाशा मंग दाखवा. पाण्याला नकाशा वाचता येत न्हाई."

बाई म्हणजे निवृत्त हेडबाई. मूळच्या पिंपळगाव रेणुकाईच्या, नोकरीची शेवटची वर्षं टेंभुर्णीला. निवृत्तीनंतर त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी, म्हणजे तात्यांनी, जालन्यात बायपासजवळच्या आमच्या कॉलनीत घर बांधलं. माझं घर त्यांच्या मागच्या ओळीत, जरा उंचावर. आम्हा दोघांनाही प्लॉट एकाच शेठनं विकले. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. भीतीबिती काही नाही, त्या माणसाचं नाव छापून यावं एवढी त्याची लायकी नाही, म्हणून.

आमच्याकडं प्लॉट विकले जातात ते पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत. मुहूर्त चांगला आणि जमीन ठणठणीत कोरडी. त्यात आमच्या जिल्ह्यात पाऊस इतका कमी की, वर्षानुवर्षं न वाहिलेल्या नाल्याला नाला म्हणायचं हे लोक विसरूनच जातात. बाईंनीही प्लॉट अक्षय्य तृतीयेलाच घेतला. सातबारा पाहिला, एनए झालंय का विचारलं, वास्तूचा जाणकार सोबत नेला. तो म्हणाला, ईशान्येला पाणी असू द्या, भरभराट होईल. तीन वर्षांनी भाद्रपदात भरदुपारी ईशान्येकडून अख्खा नालाच घरात आला.

तात्यांना अर्धांगवायू झालेला, ते खाटेवर पडून होते. बाई दवाखान्यातून त्यांची औषधं आणायला गेल्या होत्या. आम्ही मागचं दार फोडून आत शिरलो तेव्हा खाट पाण्यात हलत होती आणि तात्या छताकडं बघत होते. त्यांना बोलता येत नव्हतं, त्यामुळं त्यांनी हाक मारली होती की नाही हे आम्हाला कधीच कळलं नाही. गारठा छातीत बसला आणि आठवड्याच्या आत ते गेले. नंतर नगररचना कार्यालयात बाईंना समजलं की मंजूर लेआउटमध्ये त्यांच्या घराच्या जागी मोकळी जागा होती. नाल्यालगत बांधकाम करायचं नाही म्हणून ती सोडलेली. शेठनं नाला मुरमानं बुजवला, त्या जागेचे प्लॉट पाडले आणि विकून टाकले. घर नियमित होणार नव्हतं. मी तिथल्या साहेबांसमोर शेठला नाही नाही त्या शिव्या घातल्या. बाई बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "सुभाष, याला आता सुखानं एक प्लॉट विकू द्यायचा न्हाई."

शेठनं तोवर बायपासपलीकडं नवा लेआउट काढला होता. पाडव्याला तिथं मांडव, सरबत, ढोल. बाई घरून खुर्ची घेऊन गेल्या आणि रस्त्याच्या कडेला बसल्या. येईल त्याला विचारायच्या: मंजूर नकाशा मागितला का, मोकळी जागा कुठंय, पाण्याची वाट कुठंय? लोक हसायचे. एक जण म्हणाला, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. शेठच्या माणसांनी तर त्यांनाही सरबत आणून दिलं. बाई ते प्यायल्या. शेठचा जेवढा खर्च होईल तेवढा बराच, असं मला वर सांगितलं! महिनाभर त्या रोज जात राहिल्या. एकही माणूस परत फिरला नाही, आणि अक्षय्य तृतीयेला बऱ्याच जणांनी इसार देऊन टाकला.

मी म्हटलं, बाई, आता सोडा. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी चौथीत नापास झाल्यासारखा उभा राहिलो. "चैत्रात दगडसुद्धा चांगला दिसतो," त्या म्हणाल्या. "यांना जमीन पितरपाटात दाखवायला पाहिजे."

पितरपाटात, म्हणजे भाद्रपदातल्या पितृपक्षात, आमच्याकडं कुणी नवं काही घेत नाही, की बघायलाही जात नाही. शेठचं ऑफिससुद्धा त्या पंधरवड्यात बंद असतं. पण पितराच्या जेवणाचं आवतन आलं तर नाही म्हणायचं नसतं. महिनाभर खुर्ची टाकून बसल्यानं कुणी कुणी इसार दिला हे बाईंना तोंडपाठ होतं. प्रत्येकाच्या घरी जाऊन त्यांनी तात्यांच्या जेवणाचं आवतन दिलं. जागा सांगितली शेठच्या लेआउटमधली मोकळी जागा. ती सगळ्यांची असते, हे शेठच्याच माणसानं मांडवात सांगितलं होतं.

आदल्या दोन दिवसांत पाऊस चांगला झाला होता. मी सतरंज्या घेऊन गेलो तर टाकायला वीतभर कोरडी जागा नव्हती. बाईंनी चूल रस्त्याच्या उंचवट्यावर मांडली. कढी, वडे, खीर, गवारीची भाजी, सगळं साग्रसंगीत. पाहुणे ठेवणीतले कपडे घालून आले आणि पँटी दुमडून, पत्रावळी हातात धरून पाण्यात उभे राहिले. मग एक गृहस्थ वडा हातात तसाच धरून हळूहळू चालत गेले आणि एका खुंटीजवळ थांबले. तो त्यांचा प्लॉट होता. पाणी त्यांच्या नडगीला लागत होतं. बाई कढीचं भांडं घेऊन तिथवर गेल्या आणि वाढलं.

तेवढ्यात शेठ गाडीतून उतरला, पांढरे बूट घालून. पोलिसांत जाईन म्हणाला, बदनामीचा दावा लावीन म्हणाला. बाईंनी त्याच्या हातात पत्रावळ दिली. "शेठ, आमच्या मालकांचं जेवण आहे. उपाशी जाऊ नका." सगळे बघत होते. शेठ चिखलात उभा राहून जेवला. तो वडा चिवडत राहिला आणि मी खिरीची दुसरी वाटी मागून घेतली. इतकी गोड खीर मी त्यानंतर खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवसापासून लोक इसार परत मागायला त्याच्या दारात बसले. लेआउट अडकला. आधी गाडी गेली, मग ऑफिसची पाटी गेली. मला वाईट वाटलं का? बिलकुल नाही. बाईंची बाटली मात्र चालूच राहिली. लोक आता स्वतःहून त्यांना घेऊन जायचे, तेही भाद्रपदात.

दोन वर्षांनी बाई अंथरुणाला खिळल्या. बाईंची हाय लागली म्हणून शेठच्या आईनं त्याला माफी मागायला धाडलं. तो पायाशी बसून रडला. बाईंची बहीण गावाहून आली होती. ती म्हणाली, अक्का, जाताना मनात ठेवू नये, माफ करून टाक. मलाही क्षणभर वाटलं, संपवा आता.

बाईंनी डोळे उघडले. आवाज शाळेतला होता, स्वच्छ.

"माफी द्यायचा हक्क मालकांचा होता शेठ. ते गेले. मी त्यांच्या वतीनं सही करणार न्हाई."

शेठ उठून गेला. बहीण पदर तोंडाला लावून बाहेर निघून गेली. चार दिवस बाईंच्या पोटात पाण्याखेरीज काही नव्हतं. त्यांनी मला जवळ बोलावलं, पिठलं-भाकरी कर म्हणून माझ्या बायकोला सांगायला लावलं, आणि उशीला टेकून बसून पोटभर जेवल्या.