नानांचा जपानी सॉस

आमच्या घरात जपानी सॉस आजवर एकदाच झाला आणि तो एकाच माणसाच्या तोंडात गेला. त्या माणसाने पुढचा अर्धा तास चुळा भरल्या. ते माझे वडील.

नाना तरुणपणी हडपसरच्या एका कारखान्यात होते. नवीन मशीन शिकायला कंपनीने त्यांना काही महिने जपानला पाठवलं होतं. तिथून त्यांनी एकच आठवण आणली. संध्याकाळी सगळे कामगार कोळशाच्या शेगडीभोवती बसायचे, मांसाचे पातळ काप भाजायचे आणि तपकिरी, गोड-खारट सॉसमध्ये बुडवून खायचे. हे वर्णन सुरू झालं, की आई म्हणायची, "मग तिथंच राहायचं होतं!"

चैत्रात आई गेली. तेव्हापासून नाना जेवायला बसायचे, पण जेवायचे नाहीत. दोन घास घेऊन "पुरे" म्हणायचे. भाजीला नावंसुद्धा ठेवायचे नाहीत. (नाना गप्प जेवतात, म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे नातेवाइकांनाही फोनवर कळायचं.)

एका रविवारी मी विचारलं, "नाना, काय खावंसं वाटतं?"

"काही नाही." मग ताट बाजूला सारत म्हणाले, "तो सॉस."

मी उभाच राहिलो! मला चहासुद्धा धड जमत नाही, पण आता माघार नव्हती. मोबाइलवर कृती शोधली. सोया सॉस, साखर, आलं, लसूण, किसलेलं सफरचंद, भाजलेले तीळ आणि शेवटी चमचाभर तिळाचं तेल.

खाटकाकडे जाऊन मी म्हणालो, "मटणाचे कागदासारखे पातळ काप हवेत."

तो म्हणाला, "साहेब, मटण आहे, वेफर्स नाहीत."

शेवटी चिकनचे जाडजूड तुकडे आणले आणि तव्यावर टाकले. शेजारच्या गॅसवर सॉस ठेवला. तो उकळून वर आला, खाली सांडला, जळला आणि घरभर धूर झाला. बायको, शलाका, खोकत खिडक्या उघडायला धावली. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. शेजारच्या काकू उभ्या होत्या.

"अहो, काही जळतंय का?"

"नाही काकू, जपानी आहे."

"बरं. जपान शिजला की दार लावून घ्या."

भांड्यात उरलेल्या सॉसमध्ये आता फक्त तेल घालायचं राहिलं होतं. "शलाका, तिळाचं तेल कुठंय?" मी ओरडलो.

"आईंच्या कपाटात एक बाटली आहे बघ!" ती बाल्कनीतून ओरडली.

बाटली मिळाली. आत तेल होतं, रंगही बरोबर होता. झाकण उघडताच कापरासारखा वास आला. मी क्षणभर थांबलो. मग वाटलं, जपानी चव अशीच असणार! म्हणून एकाऐवजी दोन चमचे घातले.

नाना टेबलाशी बसले. त्यांनी चिकनचा तुकडा सॉसमध्ये बुडवला आणि तोंडात घातला. चावता चावता थांबले. डोळे मिटले. मला वाटलं, पोचले जपानला!

त्यांनी घास हळूच ताटात काढला. "तेल कुठलं घातलंस?"

मी बाटली दिली. त्यांनी ती नाकाशी धरली, बराच वेळ धरली.

"अरे," ते म्हणाले, "हे हिच्या गुडघ्याचं तेल. वैद्यांनी दिलेलं."

मी वाटी ओढून घेतली. शलाकाने लगेच वैद्यांना फोन लावला. "घास गिळला नाही ना? मग चुळा भरायला सांगा, घाबरू नका," असं ते म्हणाले. मी वळून पाहिलं तर नानांचे खांदे हलत होते. ते रडताहेत असं वाटलं, म्हणून मी जवळ गेलो. ते हसत होते! पोट धरून हसत होते. आणि हसता हसताच खरोखर रडायला लागले. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

मग मोरीपाशी उभं राहून, दोन चुळांच्या मधे, ते बोलायला लागले. शेवटची काही वर्षं रोज झोपताना तेच तिच्या गुडघ्यांना हे तेल लावायचे. ती म्हणायची, "हात जरा हलका ठेवा, मी मशीन नाही." आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. पलीकडच्याच खोलीत आम्ही झोपायचो.

ते बोलत राहिले. शलाकाने पिठलं टाकलं, मी भाकऱ्या वाढल्या. नाना बोलता बोलता दोन भाकऱ्या जेवले आणि तिसरी मागितली.

दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. नानांनी तिला सगळं साग्रसंगीत सांगितलं, माझ्या स्वयंपाकाच्या तपशिलासकट. मी शेजारी बसून ऐकत होतो.

"अगं बाई! पण सॉस झाला कसा होता?" आत्याने विचारलं.

नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "चवीचं विचारू नकोस. पण जिभेचे सांधे मोकळे झाले."